घरच्या सीएनसी राउटरच्या मोटर, ड्रायव्हर अन् बोर्ड: आधी काय घ्यायचं, मग काय

घरी सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं लाकूड कोरणारी मशीन, बांधणाऱ्या कोणाचा तरी दर पंधरवड्याला फोन येतोच. "भाऊ, मोटरा आल्या, बोर्ड आला, आता ड्रायव्हर कोणता घेऊ?" मग मी विचारतो स्क्रू कोणता लावणार, कापणार काय, तुमच्या गावात संध्याकाळी व्होल्टेज किती राहते, तर एकाचंही उत्तर तयार नसते. सामान चुकीचं नसते, क्रम चुकीचा असते. बोर्ड (मशीनचा मेंदू) आधी घेतला की ड्रायव्हर (मोटरला करंट देणारा डबा) बोर्डाप्रमाणे घ्यावा लागते, मोटर ड्रायव्हरप्रमाणे, अन् मशीन शेवटी सागवानात अडकून उभी राहते.

माझी मशीन दोन बाय तीन फुटाची आहे, दारव्ह्याकडं, टिनाच्या शेडमध्ये. देवघराच्या जाळ्या, दाराचं नक्षीकाम, नावाच्या पाट्या, एमडीएफ अन् सागवान. खाली जे लिहिलं ते याच मापाच्या मशीनसाठी, म्हणजे गॅन्ट्रीवाली (बेडवरून सरकणाऱ्या पुलाची), चार मोटरची (वाय ला, म्हणजे गॅन्ट्री सरकवायला, दोन), लाकूड कापणारी. लोखंड कापायचं असेल तर हा हिशोब लागू नाही.

## पायरी १: कागदावर चार गोष्टी लिहा

काय कापणार, किती मोठं, किती वेगानं, अन् लाईन कशी आहे. पहिल्या तीन सगळेच लिहितात, चौथी कोणी लिहित नाही, अन् आपल्याकडं चौथीच मशीन मारते.

मल्टीमीटर घ्या अन् आठ दिवस दिवसातून तीनदा जिथं मशीन ठेवणार त्याच सॉकेटवर व्होल्टेज मोजा. सकाळी, दुपारी, अन् संध्याकाळी सात-आठला. हे काम हरभऱ्या-गव्हाच्या ओलिताच्या दिवसात केलं तर खरं चित्र दिसते, कारण त्या वेळेस डीपीवर लोड असते. माझ्याकडं पावसाळ्यात २३५ दिसत होतं अन् डिसेंबरात संध्याकाळी १७५. पावसाळ्यातलं मोजमाप धरून सामान घेतलं असतं तर हिवाळ्यात मशीन बंदच ठेवावी लागली असती.

तपासा: कमीत कमी अन् जास्तीत जास्त आकडा कागदावर आला का? नसेल तर पुढं जाऊ नका, काहीच मागवू नका.

## पायरी २: स्क्रू ठरवा, मोटर नाही

मोटरला किती जोर पायजे हे स्क्रूवर ठरते. १६०५ बॉल स्क्रू म्हणजे १६ मिलिमीटर जाडीचा, एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकणारा. १६१० एका फेऱ्यात १० सरकते, वेग दुप्पट पण जोर अर्धा. थ्रीडी प्रिंटरवाला टी८ स्क्रू (८ मिलिमीटर जाड) स्वस्त पडते पण घर्षण जास्त खाते अन् लाकडाच्या भुशात पितळी नट लवकर ढिला होते. लाकडासाठी माझं मत सरळ आहे, १६०५ घ्या, पैसा इथं लावा.

आता वेग. लाकडात ३००० मिलिमीटर प्रति मिनिट रिकामी चाल मिळाली तरी भरपूर झाली, कापताना तर १००० ते २००० मध्येच काम चालते. ३००० भागिले ५ म्हणजे मोटर ६०० आरपीएमनी फिरणार. हा ६०० चा आकडा लिहून ठेवा, पुढं लागणार आहे.

## पायरी ३: मोटर

इथं सगळ्यात जास्त पैसा वाया जाते म्हणून जरा थांबून सांगतो.

दुकानात मोटर किलोवर विकते. "१० किलोची देऊ की १९ किलोची?" हे किलो म्हणजे किलो-सेंटिमीटर, अन् तो होल्डिंग टॉर्क आहे, म्हणजे मोटर उभी असताना तिला हलवायला लागणारा जोर. फिरायला लागली की जोर उतरते, अन् जितकी जोरात फिरते तितका जास्त उतरते. म्हणून उभ्या मोटरचे किलो पाहून चालत्या मशीनचा अंदाज येत नाही.

हिशोब करून पाहा. समजा बिटवर (कापणाऱ्या पात्यावर) १०० न्यूटनचा विरोध आला, म्हणजे साधारण दहा किलो वजनाइतका, जो ६ मिलिमीटरच्या बिटला लाकडात बऱ्यापैकी जड आहे. जोर बरोबर न्यूटन गुणिले एका फेऱ्यातलं सरकणं मीटरमध्ये, भागिले ६.२८, भागिले स्क्रूची कार्यक्षमता. १०० गुणिले ०.००५ भागिले ६.२८ भागिले ०.९, उत्तर आलं ०.०९ न्यूटन-मीटर. एक न्यूटन-मीटर म्हणजे १०.२ किलो-सेंटिमीटर, तर हे झालं एक किलो-सेंटिमीटरच्या आत! मग १९ ची काऊन घ्यायची? कारण त्यात बेअरिंगचं घर्षण, स्क्रू फिरवायचा जोर, गॅन्ट्री झटक्यानं थांबवायचा-चालवायचा जोर, अन् ६०० आरपीएमला उतरलेला टॉर्क, हे सगळं मिळवावं लागते. अन् स्टेपर मोटर (आपली हीच, पावलापावलानं फिरणारी) कमी पडली तर सांगत नाही, पावलं चुकवते अन् पुढं निघून जाते, तुम्हाला अर्धी नक्षी कापून झाल्यावर कळते. म्हणून राखीव जोर पायजेच.

माझी निवड: नेमा २३, म्हणजे ५७ मिलिमीटर तोंडाची, १८ ते १९ किलो-सेंटिमीटर, साधारण २.८ अँपिअर, चारही जागी एकच. एकसारख्या घेतल्या की एखादी गेली तर बदलायला सोपं.

नेमा १७ (४२ मिलिमीटर तोंड) लेझर, पेन प्लॉटर अन् छोट्या टेबलावरच्या मशीनसाठी ठीक. सागवानासाठी नाही.

नेमा ३४ चा मोह सगळ्यांनाच होते. शेजारच्या तालुक्यातल्या एका सुतारभाऊनी मोठ्या हौसेनं चार नेमा ३४ आणल्या अन् ३६ व्होल्टवर लावल्या, मशीन १२०० च्या वर गेली की मोटर कुरकुर करून जागेवर थांबायची. ८६ मिलिमीटरच्या त्या मोटरचं रोटर जड, इंडक्टन्सही (करंट बदलायला कॉइलचा विरोध) बहुतेक वेळा जास्त, तिला ६०-७० व्होल्ट पायजे. कमी व्होल्टवर ती नेमा २३ पेक्षा मागं पडते. मोटर मोठी घेऊन मशीन हळू झाली, हे पटायला त्यांना दोन महिने लागले.

आता इंडक्टन्स. मोटरच्या डेटाशीटमध्ये मिलीहेन्रीत लिहिलेला असते. ढोबळ नियम असा की मोटरला जास्तीत जास्त व्होल्ट = ३२ गुणिले इंडक्टन्सचं वर्गमूळ. २.५ मिलीहेन्री असेल तर ३२ गुणिले १.५८, म्हणजे ५० व्होल्ट. ६ मिलीहेन्री असेल तर ७८. जितका हा आकडा तुमच्या सप्लायच्या जवळ तितकी मोटर वेगात चांगली चालते. ३६ व्होल्टवर चालवायचं असेल तर २ ते ३ मिलीहेन्रीची मोटर शोधा, ५ च्या वरची सोडून द्या, किलो कितीही असो.

सावध: डेटाशीट न देणाऱ्याकडून मोटर घेऊ नका. अँपिअर, मिलीहेन्री अन् शाफ्टची जाडी हे तीन आकडे मिळालेच पायजे. शाफ्ट ६.३५ आहे की ८ मिलिमीटर हे न पाहता कपलर मागवणारे लय आहेत.

क्लोज्ड लूप स्टेपर चांगल्या असतात, पाऊल चुकलं की अलार्म देतात. पण ती अलार्मची वायर बोर्डाला जोडून मशीन थांबवायची सोय केली तरच फायदा. पहिल्या मशीनला साध्याच घ्या.

## पायरी ४: ड्रायव्हर

ए४९८८ अन् डीआरव्ही८८२५ ह्या बोटभर पट्ट्या नेमा २३ साठी नाहीत. हीटसिंक अन् पंखा लावूनही दोन अँपिअरच्या आसपास त्यांचा जीव संपते, अन् आपल्या मे महिन्यात, जेव्हा टिनाखाली नुसतं उभं राहवत नाही, तेव्हा त्या एवढंही देत नाहीत.

टीबी६६०० नावानं जे मिळते ते चालते, पण डब्याच्या आत चिप वेगवेगळी निघते अन् ४ अँपिअर लिहिलेलं असलं तरी तितकं सतत घ्यायची हिंमत करू नका. मी डीएम५४२ घ्या म्हणेन. २० ते ५० व्होल्ट, ४.२ अँपिअर पीकपर्यंत, अन् चाल गुळगुळीत. चार मोटर, चार ड्रायव्हर, वाय च्या दोन मोटर एका ड्रायव्हरवर लटकवायच्या नाहीत.

डीएम५४२ च्या अंगावर करंटचा तक्ता छापलेला असते, त्यात दोन रकाने, पीक (शिखराचा करंट) अन् आरएमएस (सरासरीसारखा). २.८ ची मोटर असेल तर सुरुवात पीक २.८४ पासून करा. मोटर थंड राहिली अन् जोर कमी वाटला तर एक घर वर, ३.३१. अंगावरच्या छोट्या डिप स्विचमधला चौथा उभ्या मोटरचा करंट अर्धा करायचा आहे, तो ऑफ ठेवा, म्हणजे अर्धा. उन्हाळ्यात एवढ्यानंच मोटर अन् ड्रायव्हर दोघांनाही आराम मिळते.

मोटर हात ठेववत नाही इतकी गरम झाली म्हणून घाबरू नका, स्टेपरचं अंग ८० डिग्रीपर्यंत जाऊ शकते. ड्रायव्हर मात्र गरम होऊ देऊ नका.

मायक्रोस्टेप (एका पावलाचे किती तुकडे) ८ ठेवा, म्हणजे २०० पावलांच्या एका फेऱ्याला १६०० पल्स (बोर्डाचे इशारे). ३२ केलं की अचूकता वाढते असं बरेच जण समजतात. लाकडात तो फरक दिसतच नाही, उलट बोर्डाला पल्स पुरत नाहीत, ते सहाव्या पायरीत पाहू.

सावध: ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर काढायची नाही, लावायची नाही, ढिली स्क्रू-पट्टी पण चालणार नाही. मी घाईत एकदा चालू लाईनवर कनेक्टर ओढला, आवाज सुद्धा आला नाही, ड्रायव्हर गेला. डिप स्विचही बंद असतानाच बदलायचे.

## पायरी ५: पॉवर सप्लाय

चार मोटर गुणिले २.८ म्हणजे ११.२ अँपिअर. एवढा लागत नाही, त्याचा दोन तृतीयांश धरा, साडेसात. ३६ व्होल्ट, ३५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लायचा डबा) साधारण ९.७ अँपिअर देते, पुरेसा आहे.

४८ का नाही? ड्रायव्हरची हद्द ५० आहे. गॅन्ट्री झटक्यानं थांबते तेव्हा मोटर जनरेटरसारखं वागून व्होल्ट परत लाईनवर ढकलते, अन् ४८ चा सप्लाय थोडा वर लावलेला असला की ५० कधी ओलांडले ते कळत नाही. २४ वर मोटर चालेल पण ६०० आरपीएमला मरगळेल.

तपासा: एसएमपीएसच्या बाजूला जाळीतून एक छोटा सरकता स्विच दिसते, ११५ की २३० चा. लाईन द्यायच्या आधी तो २३० वर आहे हे डोळ्यांनी पाहा. ११५ वर राहिला तर पहिल्याच सेकंदाला धमाका.

२३० च्या सेटिंगवर असे सप्लाय बहुधा १८० पर्यंत ओढतात. तुमच्या कागदावरचा खालचा आकडा त्याखाली असेल तर स्टॅबिलायझर घ्यावाच लागेल. ट्रिमर (बिट फिरवणारं सुताराचं हाती यंत्र), सप्लाय अन् लॅपटॉप मिळून दोन केव्हीएचा पुरते, दीड किलोवॅटच्या स्पिंडलला (बिट फिरवणारी खास मोटर) त्याहून मोठा.

## पायरी ६: बोर्ड

आता बोर्ड, इतक्या उशिरा. तीन अक्षांसाठी अर्डुइनो उनो अन् त्यावर जीआरबीएल १.१ (मशीन चालवणारा प्रोग्राम) पुरते. त्याची हद्द सेकंदाला साधारण ३०,००० पल्स. आपला हिशोब: मिलिमीटरला पल्स = २०० गुणिले ८ भागिले ५ = ३२०. ३००० मिलिमीटर प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला ५०, गुणिले ३२० = १६,००० पल्स. आरामात. मायक्रोस्टेप १६ केलं तर ३२,०००, हद्द ओलांडली. "बोर्ड खराब आहे, वेगात अडखळते" असं सांगणाऱ्यांचा बोर्ड चांगलाच असते, मायक्रोस्टेप चुकीचं असते.

ईएसपी३२ वाला बोर्ड वेगवान आहे, वायफाय आहे, पण त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या अन् ड्रायव्हरला ५ व्होल्टची सवय. मध्ये लेव्हल शिफ्टर (३.३ चे ५ करणारा) नसेल तर कधी पाऊल पडेल कधी नाही. तयार बोर्ड घेताना ५ व्होल्ट आउटपुट आहे का एवढं एक विचारा.

उनोवर एक्स, वाय, झेड चे पल्स डी२, डी३, डी४ वर अन् दिशा डी५, डी६, डी७ वर येते (वाय चे दोन्ही ड्रायव्हर वाय च्याच पिनांवर). ड्रायव्हरच्या पल्स-मायनस अन् दिशा-मायनस दोन्ही बोर्डाच्या ग्राउंडला, प्लस पिनेला. एनेबलची (ड्रायव्हर चालू-बंद करायची) पिन रिकामी सोडली तरी ड्रायव्हर चालूच राहते. जीआरबीएलच्या सेटिंगमध्ये $१०० ते $१०२ (मिलिमीटरला पल्स) मध्ये ३२०, अन् $१ मध्ये २५५, म्हणजे थांबल्यावरही मोटर पकड सोडणार नाही.

## पायरी ७: स्पिंडल

पहिल्या मशीनला सुताराचा ट्रिमर बांधा. वायरिंग नाही, बिघडला तर यवतमाळला कार्बन ब्रश मिळते. आवाज लय होते अन् रोज आठ तास चालवायचा नाही, एवढंच.

काम वाढल्यावर व्हीएफडीवाला (फ्रिक्वेन्सी बदलून वेग बदलणाऱ्या डब्याचा) स्पिंडल घ्या, दीड किलोवॅटचा एअर कूल्ड. दोन पोलचा स्पिंडल ४०० हर्ट्झला २४,००० आरपीएम फिरते. व्हीएफडी आल्या आल्या बहुतेक ५० हर्ट्झवर सेट असते, म्हणून पुस्तक उघडून बेस अन् मॅक्झिमम फ्रिक्वेन्सी ४००, मोटरचा करंट, व्होल्ट अन् पोल हे आधी भरायचं, मगच स्पिंडलची वायर जोडायची. एअर कूल्ड स्पिंडल फार कमी आरपीएमवर चालवत ठेवू नका, त्याचा पंखा शाफ्टवरच असते, हळू फिरला की हवा नाही.

सावध: व्हीएफडी अन् स्पिंडलच्या मध्ये कोणताही स्विच टाकायचा नाही.

सावध: शेतातल्या थ्री फेजच्या दोन फेज घेऊन २३० चा व्हीएफडी लावायचा विचारही नको. तिथं ४१५ व्होल्ट असतात.

## पायरी ८: लाईन, अर्थिंग अन् स्टार्टर

विहिरीवरच्या मोटरला आपण ऑटो लावतो, लाईन आली की पंप आपोआप चालू. सीएनसीला ऑटो म्हणजे अपघाताला बोलावणं. लाईन गेली, तुम्ही तुकडा सोडवायला हात घातला, लाईन आली अन् ट्रिमर फिरायला लागला. ट्रिमरचं बटण तर ऑनच असते! म्हणून स्पिंडल अन् सप्लाय दोन्ही कॉन्टॅक्टरमधून घ्या, हिरव्या-लाल बटणाचा, पंपाच्या स्टार्टरसारखाच पण ऑटो नसलेला. लाईन गेली की कॉन्टॅक्टर सुटते अन् हिरवं दाबल्याशिवाय परत लागत नाही. लाल मशरूम इमर्जन्सी बटण याच कॉइलच्या वायरीत, एनसी पॉइंटवर (एरवी जोडलेला, दाबला की तुटणारा). हात पोचेल अशा जागी, मशीनच्या मागं नाही.

अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. नुसत्या मल्टीमीटरनी खराब अर्थिंगही २३० दाखवते, कारण मीटर करंट ओढतच नाही. वायरमनला शंभरचा बल्ब फेज अन् अर्थमध्ये लावून पाहायला सांगा (आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन पाडणारा स्विच, असेल तर तो ट्रिप होणारच, ते वायरमनला माहीत असते). बल्ब मिणमिणला तर खड्डा नवीन करा, मीठ-कोळसा टाका, उन्हाळ्यात पाणी टाकत राहा. न्यूट्रलला अर्थ म्हणून जोडायचं नाही, कधीच नाही. डीपीचा न्यूट्रल तुटला की तुमच्या मशीनच्या लोखंडात लाईन येईल. न्यूट्रल तुटल्यावर सॉकेटवर ३०० च्या वर व्होल्ट चढू शकतात, म्हणून जास्त व्होल्टला कापणारा प्रोटेक्टर मी स्टॅबिलायझरच्या आधी लावला आहे. वीज कडाडायला लागली की प्लग काढून ठेवा, बटण बंद करून भागत नाही.

## पायरी ९: डबा अन् वायरिंग

ड्रायव्हर उभे लावा, मध्ये दोन बोटं जागा, खालून हवा आत वरून बाहेर, आत येणाऱ्या भोकाला कापड. एमडीएफचा भुसा पिठासारखा बारीक असते, सगळीकडं शिरते.

मोटरला चार कोर, ०.७५ स्क्वेअरची, शिल्डवाली वायर. शिल्ड फक्त डब्याच्या बाजूला अर्थ करा, मोटरकडचं टोक मोकळं. लिमिट स्विचच्या (अक्षाच्या टोकाला मशीन अडवणाऱ्या) वायरी मोटर अन् स्पिंडलच्या वायरींसोबत बांधायच्या नाहीत. टोकांना थिंबल लावा, तार सोल्डर करून स्क्रूखाली दाबली की थोड्या दिवसांनी ढिली होते.

लिमिट स्विच एनसी जोडा अन् $५ मध्ये १ टाका. वायर तुटली तर मशीन थांबेल. एनओ (एरवी तुटलेलं) जोडलं तर तुटलेली वायर तुम्हाला धडकल्यावरच कळते. स्पिंडल चालू झाला की खोटा लिमिट लागत असेल तर बोर्डाच्या पिनेजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, तरी नाही थांबलं तर ऑप्टोकपलर.

मोटरच्या जोड्या रंगावरून ओळखू नका, रंग बदलतात. कोणत्याही दोन वायरी एकमेकींना जोडा, शाफ्ट हातानं फिरवा, जड लागला म्हणजे ती एक जोडी.

## पायरी १०: चालू करायचा क्रम

सगळं जोडून एकदम बटण दाबायचं नाही. आधी फक्त एसएमपीएस, मीटरवर ३६ आले का. मग बंद करून एक ड्रायव्हर, एक मोटर, मोटर टेबलावर, शाफ्टला टेपचा झेंडा. ५ मिलिमीटर चालवा, झेंडा बरोबर एक फेरा फिरला पायजे. दोन फिरले किंवा अर्धा फिरला तर डिप स्विच पाहा, $१०० ला हात लावू नका. बॉल स्क्रूचा ३२० हा आकडा गणितानं आलेला आहे, टेपनं मोजून तो ३१८ किंवा ३२३ करणारे नंतर सहा महिने चौकोन जुळवत बसतात.

असे चारही झाले की मशीनवर चढवा. वाय च्या दोन मोटर समोरासमोर असतील तर एकीची एक जोडी उलटी करा, नाहीतर गॅन्ट्री तिरपी होऊन अडकेल. मग होमिंग (मशीन लिमिट स्विचवर नेऊन जागा ओळखवणं), मग स्पिंडल बंद ठेवून एक मोठी फाईल हवेत, मग तीच फाईल स्पिंडल चालू ठेवून हवेत.

शून्यावर पेन्सिलची खूण करा, पूर्ण वेगानं पन्नास वेळा जा-ये करवा, परत शून्यावर आणा. बिट खुणेवर नसेल तर पावलं चुकतात. आधी $१२० ते $१२२ मधला अॅक्सलरेशन कमी करा, मग वेग, मग करंट एक घर वर, याच क्रमानं.

शेवटी लाईन जायची तालीम. शून्य जी९२ कमांडनी नाही, जी१० एल२० कमांडनी सेट करा, म्हणजे ते बोर्डाच्या मेमरीत राहते. हवेत फाईल चालू असताना मेन स्विच पाडा. परत चढवा. स्पिंडल आपोआप फिरला नाही पायजे, मोटरांनी गप्प राहिलं पायजे. हिरवं दाबा, होमिंग करा, शून्यावर पाठवा अन् पेन्सिलची खूण पाहा. बिट खुणेवर आला तर बेडवर एमडीएफचा तुकडा बांधा, सागवान अजून नाही. त्या तुकड्यात एक चौकोन कापा, दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले की मग सागवान काढा.